दाराची फळी मोकळी हवी

नागपूरचे ऊन आपल्या ओळखीचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कधी त्याच्याही वर. हवा इतकी कोरडी होते की धुतलेला कपडा दोरीवर टाकून मागे वळावे, तोवर तो वाळतो. मग पाऊस येतो. जुलै-ऑगस्टात मिठाला पाणी सुटते, पापड मऊ पडतात, आगपेटीची काडी पेटत नाही. आणि याच दिवसांत घराचे दार अडू लागते. खांदा लावल्याशिवाय ते उघडत नाही. उन्हाळा आला की तेच दार सैल होते, आणि फळीला वरपासून खालपर्यंत चीर पडते.

मग भांडण होते. घरमालक म्हणतो, "मिस्त्री, लाकूड कच्चं दिलं तुम्ही." मिस्त्री म्हणतो, "भाऊ, लाकूड आहे ते. पावसात फुगणारच." दोघेही थोडे थोडे खरे बोलतात. पण पैसे तर गेलेच. चांगल्या सागवानी दारासाठी कष्टकरी घराची कित्येक महिन्यांची बचत खर्ची पडते. म्हणून दार कसे बनते आणि ते कसे पारखावे, हे आपण या पाठात समजून घेऊ.

आधी लाकडाचा स्वभाव पाहू. धानाच्या तनसाची एक पेंडी डोळ्यांसमोर आणा. पेंडीत पोकळ काड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. लाकूडही तसेच आहे. त्यात बारीक बारीक नळ्या असतात. झाड जिवंत असताना त्यांतून पाणी वर चढते. झाड तोडले, चिरले, वाळवले, तरी हवेतले पाणी घेण्याची लाकडाची सवय जात नाही. हवा ओली झाली की ते पाणी घेते आणि फुगते. हवा कोरडी झाली की पाणी सोडते आणि आकसते.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. ओल्या पेंडीतली काडी जाड होते, पण लांब होत नाही. लाकडाचेही तेच. ते रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. सात फूट लांबीची पट्टी पावसाळ्यातही सात फूटच राहते. पण एक फूट रुंदीची फळी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकते. साग इतर लाकडांच्या मानाने कमी फुगतो. पण फुगतो नक्की.

आता समजा, तीन फूट रुंदीचे दार नुसत्या फळ्या शेजारी शेजारी चिकटवून केले. प्रत्येक फळी दोन-तीन मिलिमीटर फुगली तर सगळे दार सहा ते नऊ मिलिमीटर रुंद होईल. ते चौकटीत अडकणारच. जुन्या काळी लोक यावर दुसरा उपाय करत. फळ्या सुट्या ठेवून मागून आडवे दांडे ठोकत. गोठ्याचे दार आजही तसेच असते. फळ्यांमध्ये फटी पडल्या तरी गोठ्याला काही बिघडत नाही. घराला मात्र बिघडते.

पॅनेलच्या दारात सुताराने फार शहाणपणाची युक्ती केली आहे. दाराचा जो भाग उघडतो-मिटतो त्याला आपल्याकडे पल्ला म्हणतात. भिंतीत पक्की बसते ती चौकट. पॅनेलच्या पल्ल्यात दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या असतात. वर, मध्ये आणि खाली आडव्या पट्ट्या असतात. पल्ला रुंद असेल तर मधोमध आणखी एक उभी पट्टी देतात. या पट्ट्यांचा सांगाडा घट्ट असतो. त्याच्या रिकाम्या घरांत पातळ फळ्या बसवतात. याच फळ्यांना पॅनेल म्हणतात.

पट्ट्या चार-चार इंच रुंद. त्या फुगून फुगून किती फुगणार? जी फळी खरी फुगते, ती सांगाड्याच्या आत असते. तिच्यासाठी पट्ट्यांच्या आतल्या काठाला खाच केलेली असते. खाच साधारण अर्धा इंच खोल. फळीचा काठ त्या खाचेत सरकतो. पण फळी खाचेच्या तळाला टेकत नाही. तिथे दीड-दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडतात. पावसाळ्यात फळी त्या जागेत सरकते. उन्हाळ्यात मागे येते. बाहेरचा सांगाडा आहे तेवढाच राहतो. दार अडत नाही आणि फळी फुटत नाही.

हे सगळे एका अटीवर. फळी मोकळी हवी. तिला सरस लावायचा नाही, खिळा मारायचा नाही.

आणि घोटाळा इथेच होतो. नवे दार घरी येते. घरमालक फळीवर बोटाने टकटक करतो. फळी किंचित हलते, खुळखुळते. त्याला वाटते, काम ढिले झाले. तो म्हणतो, "मिस्त्री, हे वाजतं आहे, चार खिळे मारून पक्कं करून द्या." मिस्त्री जाणता असेल तर नाही म्हणतो. पण गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार? तो खिळे मारतो, किंवा खाचेत फेव्हिकॉल ओततो. फळी दोन्ही काठांना जखडली जाते. मग मे महिना येतो. फळीला आकसायचे असते, पण काठ सुटत नाहीत. शेवटी ती मधूनच फाटते. दोष लाकडाचा नसतो आणि खरे तर सुताराचाही नसतो. दोष आपल्या आग्रहाचा असतो.

फळी फारच वाजत असेल तर एक साधा उपाय आहे. फळीच्या वरच्या काठाला अगदी मधोमध एक बारीक खिळा आणि खालच्या काठाला मधोमध एक. एवढेच. मग फळी मध्यावर धरली जाते आणि दोन्ही बाजूंना सरकायला मोकळी राहते. काही दारांत खाचेऐवजी फळीभोवती बारीक गोट मारतात. तेही चालते. मात्र गोटाचे खिळे पट्टीत जायला हवेत, फळीत नव्हे.

आता सांध्याकडे येऊ. आडवी पट्टी उभ्या पट्टीला जिथे मिळते, तिथे सगळे वजन येते. तिथे नुसते खिळे कामाचे नाहीत. चांगला सुतार आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढतो. तिला कुसू म्हणतात. उभ्या पट्टीला पटाशीने तेवढेच भोक पाडतो. कुसू भोकात ठोकून बसवतो. मग दोन्हींमधून आरपार छिद्र पाडून बांबूची खुंटी मारतो. इथे सरस लावायला हरकत नाही, कारण हा भाग घट्टच हवा. बांबूची खुंटी गंजत नाही. लोखंडी खिळा गंजतो आणि आजूबाजूचे सागवान काळे पाडतो.

कुसू खरे आहे की नाही हे ओळखायचे कसे? पल्ल्याची बाजूची कड पाहा. कुसू आरपार असेल तर कडेवर त्याचे चौकोनी टोक दिसते. आजकाल पुष्कळ दारांत लाकडाच्या गोल खुंट्यांवरच सांधा करतात. हलक्या दाराला ते निभते. रस्त्यावरच्या मोठ्या दाराला आम्ही आरपार कुसूच मागू.

लाकूड कोणते घ्यावे? आपण नागपूरकर या बाबतीत भाग्यवान आहोत. देशातले नावाजलेले सागवान आपल्या दक्षिणेलाच, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांत होते. आलापल्लीजवळ तर उंच, जुन्या सागांचा एक भाग मुद्दाम राखून ठेवला आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान मिळाला. महाराष्ट्र वनविकास महामंडळ १९७४ साली निघाले. त्याचे मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. बल्लारशा येथे सागवानाचा मोठा सरकारी डेपो आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान गेले ते बल्लारशाहूनच. आपल्या शहरात लकडगंज नावाची वस्ती आहे. नावातच लाकूड आहे. तिथे वखारी आणि आरा गिरण्या कित्येक पिढ्या चालत आल्या.

पण गावाजवळ जंगल आहे म्हणून वखारीतले प्रत्येक लाकूड चांगले असे नाही. सागाच्या ओंडक्यात दोन भाग असतात. आतला गाभा सोनेरी-तपकिरी. त्यात सागाचे स्वतःचे तेल असते. त्याला उदई, म्हणजे वाळवी, सहसा लागत नाही. बाहेरचा भाग पांढरट. तोही सागाचाच, पण त्यात ती ताकद नाही. उदई आणि भुंगा आधी तिथेच शिरतात. कोवळ्या झाडात हा पांढरा भाग जास्त असतो. हल्ली घाना, इक्वेडोर अशा दूरच्या देशांतून लागवडीचे सागवान येते. त्यातले पुष्कळ कोवळ्या झाडांचे असते. ब्रह्मदेशच्या सागाची कीर्ती मोठी होती. पण त्या देशाने २०१४ पासून ओंडके बाहेर पाठवणे बंद केले. तेव्हा दुकानदार "बर्मा, बर्मा" म्हणाला तरी नावावर जाऊ नका. लाकूड पाहा.

आणि लाकूड पाहायचे ते पॉलिश लावण्याआधी. ही आमची सगळ्यात मोठी सूचना आहे. पॉलिशखाली पांढरा भाग तपकिरी होतो, गाठ झाकली जाते, भुसा आणि सरस भरून बुजवलेली चीर दिसेनाशी होते. दुकानात चकचकीत दार उभे असेल तर म्हणावे, "भाऊ, याच मालाचं कोरं दार दाखवा." तो दाखवत नसेल तर दुसरे दुकान जवळच असते.

कोऱ्या लाकडाच्या रेघा पाहाव्यात. पल्ल्याच्या उभ्या पट्ट्यांत रेघा सरळ, लांबलचक हव्यात. रेघा तिरप्या जात असतील तर ती पट्टी पुढे पिळते, आणि पट्टी पिळली की पल्ला एका कोपऱ्यात चौकटीला टेकत नाही. फळीत मात्र डोंगरासारखी नक्षी असलेले लाकूड चालते. ते शोभूनही दिसते. छोटी, घट्ट गाठ असली तर बिघडत नाही. सुटी, काळी गाठ पुढे गळून पडते. सांध्याजवळ तर कोणतीच गाठ नको.

लाकूड वाळलेले आहे का, हा प्रश्न सर्वांत अवघड. हाताला कोरडे लागले म्हणजे आतून वाळले असे नव्हे. यावर एक सोपी परीक्षा आहे. वखारीतून त्याच लाकडाचा वीतभर तुकडा मागून आणा. किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचे वजन करून वहीत लिहा. तो तुकडा घरात, सावलीत, वाऱ्यावर ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा वजन करा. समजा पहिले वजन ६०० ग्रॅम होते आणि आता ५६० ग्रॅम आहे. म्हणजे आठ दिवसांत ४० ग्रॅम पाणी गेले. हे लाकूड ओले आहे. दार करायला घेऊ नका. ६०० चे ५९७ झाले तर ठीक. मात्र ही परीक्षा भर पावसाळ्यात करू नये. त्या दिवसांत वजन कमीच होत नाही, आणि आपली समजूत चुकते.

घाई नसेल तर लाकूड आधी घेऊन घरी वाळवणे उत्तम. फळ्या जमिनीवर टाकू नयेत. खाली विटा ठेवून, दोन फळ्यांमध्ये सारख्या अंतरावर चिपा देऊन थप्पी लावावी. म्हणजे वारा खेळतो. उन्हात ठेवू नये. नागपूरचे ऊन ओल्या फळीची वरची बाजू आधी वाळवते, आतली ओलच राहते, आणि टोके फाटतात. इंच-दीड इंच जाडीचा माल सावलीत एक पूर्ण उन्हाळा काढतो, तेव्हा बहुतेक वाळून जातो. भट्टीत वाळवलेले लाकूडही मिळते. ते थोडे महाग पडते, पण वेळ वाचतो.

आता थोडा हिशेब. लाकूड घनफुटांवर विकतात. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट जाड म्हणजे एक घनफूट. सात फूट उंच आणि तीन फूट रुंद पल्ला घेऊ. पट्ट्यांची जाडी दीड इंच. एक उभी पट्टी सात फूट लांब, चार इंच रुंद. चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा. दीड इंच म्हणजे फुटाचा आठवा हिस्सा. म्हणून ७ भागिले ३, भागिले ८. उत्तर येते ०.२९ घनफूट. अशा दोन पट्ट्यांना ०.५८ लागले. वरची आडवी पट्टी चार इंची, मधली आणि खालची आठ इंची. तिघींना मिळून ०.६३. मधल्या उभ्या पट्टीला ०.२४. पाऊण इंच जाडीच्या चार फळ्यांना सुमारे ०.७५. सगळे मिळून २.२०. म्हणजे जवळजवळ सव्वादोन घनफूट. कापण्यात, रंधण्यात पाव हिस्सा वाया जातो असे धरा. पावणेतीन घनफूट झाले. कोणी या मापाच्या पल्ल्याला पाच घनफूट सांगत असेल, तर वही पुढे करून त्याला बेरीज विचारावी. चौकटीचे लाकूड वेगळे मोजावे. आणि पावती जरूर घ्यावी. चोरट्या सागवानाचा धंदा आहे. आपल्याकडे पावती नसली तर उद्या प्रश्न आपल्यालाच विचारतील.

सगळेच सागवान परवडत नसेल तर? सांगाडा सागाचा करून फळ्यांच्या जागी चांगले प्लायवुड घालता येते. यात कमीपणा नाही. प्लायवुडचे थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते फारसे फुगत नाही. मात्र बाहेरच्या दाराला पाण्यात टिकणारे प्लायवुड हवे, आणि त्यावर मानक चिन्ह पाहून घ्यावे. आतल्या खोल्यांना बीजा, शिवण असे लाकूडही लोक लावतात. बाजारात दाबून केलेल्या पातळ पत्र्यासारख्या लगद्याची दारे मिळतात. त्यांवर फळ्यांचा उठाव असतो, म्हणून लोक त्यांनाही पॅनेलचे दार म्हणतात. ते चित्रातले पॅनेल आहे. आत पोकळी किंवा हलके लाकूड असते. आतल्या खोलीला स्वस्तात भागते. पावसाच्या माऱ्यासमोर ते लावू नये. न्हाणीघराला तर लाकूडच नको.

रंग आणि तेल यांची एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. दाराला पुढची आणि मागची अशा दोनच बाजू नसतात. वरचा काठ आणि खालचा काठही असतो. लाकडाच्या नळ्यांची तोंडे उभ्या पट्टीच्या याच टोकांना उघडी असतात. पाणी तिथून झपाट्याने आत शिरते. दार बसवल्यावर हे काठ दिसत नाहीत, म्हणून रंगारी ते कोरेच सोडतो. तेव्हा बिजागऱ्या लावण्याआधीच वरच्या-खालच्या काठांना रंग किंवा जवसाचे तेल दोन-तीन वेळा पाजून घ्यावे. फळ्यांनाही सांगाड्यात घालण्याआधीच पॉलिश करून घ्यावे. नाहीतर उन्हाळ्यात फळी आकसते आणि काठाला कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ उघडी पडते.

आपल्या शहरात आणखी एक भानगड आहे. उन्हाळ्यात घराघरांत कूलर चालतो. दाराची आतली बाजू ओलसर गार हवेत, बाहेरची बाजू तापलेल्या झळांत. एक बाजू फुगते, दुसरी आकसते. दार धनुष्यासारखे वाकते. कूलरचा झोत सरळ दारावर येणार नाही, एवढी काळजी घेतली तरी पुष्कळ फरक पडतो. पश्चिमेच्या दारावर छज्जा हवाच.

दार अडले की लगेच रंधा मारू नका. आधी चौकट तपासा. नागपूरच्या पुष्कळ भागांत जमीन काळ्या मातीची आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंत हलते आणि चौकट वाकडी होते. सुतळी घेऊन चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत माप घ्या. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांचे घ्या. दोन्ही मापे सारखी असतील तर चौकट गुण्यात आहे. सारखी नसतील तर दाराचा काही दोष नाही. बिचारे दार उगाच तासले जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात बोटभर फट राहते.

शेवटी दार बसवण्याची वेळ. दिवाळीच्या आसपास हवा ना फार ओली, ना फार कोरडी. तेव्हा बसवले तर पल्ला आणि चौकट यांच्यात एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकतील एवढी फट ठेवावी. भर मे महिन्यात बसवायचे असेल तर तीन नाण्यांची. पावसाळ्यात बसवले तर एका नाण्याची पुरे, कारण लाकूड तेव्हा फुगलेलेच असते. सात फुटी जड पल्ल्याला दोन बिजागऱ्यांवर भागवू नये, तीन लावाव्यात. स्क्रू हातोडीने ठोकू देऊ नये. आधी बारीक छिद्र पाडून, मेण लावून, पेचकसाने फिरवून बसवायला सांगावे. आणि सुतार हत्यारे आवरायच्या आत दार पाच-सहा वेळा स्वतः उघडून-मिटून पाहावे.